डांगराचं आमिष

सेतू सरांनी माझी मुलाखत उभ्यानं घेतली. म्हणजे मी खुर्चीत बसलेली आणि ते टेबलाभोवती फेऱ्या मारताहेत. एक फेरी झाली की एक प्रश्न. त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं तर मान सारखी वळवावी लागायची. नवऱ्याला श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी साताऱ्याहून तांबरमला येऊन पडले होते. तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, दिवसभर घरात बसून डोकं फिरायची वेळ आली होती, आणि ही नोकरी मला हवीच होती. त्यामुळे मान मोडली तरी चालेल असं ठरवून मी वळत राहिले. तेवढ्यात माझ्या अर्जावरचं गाव वाचून ते एकदम थांबले.

"साताऱ्याची? म्हणजे तूं मराठी की!"

आणि पुढचं सगळं मराठीत सुरू झालं. ते मराठी म्हणत होते म्हणून मीही म्हणायचं! त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेले, तिथून घराणं चेन्नईत आलेलं. ही माणसं 'मला'ऐवजी 'मज' म्हणतात, 'मी सांगितलं'ऐवजी 'मी सांगितलों' म्हणतात, आणि चाल सगळी तमिळची. जुन्या बखरीतला कारकून मधेच 'अय्यो' म्हणाला तर कसं वाटेल, तसं मला वाटत होतं. हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

"मासे धरलीस कधीं?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"खातेस?"

"खाते की. आवडीनं."

"मी धरतों, खात नाहीं. तूं खातेस, धरत नाहींस. सरी, जमेल आपलें. सोमवारीं ये मा." 'सरी' म्हणजे ठीक आहे आणि 'मा' म्हणजे पोरी, हे मला मागाहून कळलं. झाली मुलाखत.

आमचं ऑफिस तांबरम स्टेशनजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. धंदा असा, की लोक सर्च इंजिनमध्ये काहीतरी टाइप करतात तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाची वेबसाइट वर दिसली पाहिजे. त्यासाठी लोक नेमके कोणते शब्द टाइप करतील ते ओळखायचं, त्याला कीवर्ड म्हणतात, आणि त्या शब्दांभोवती मजकूर लिहायचा. अलीकडे यंत्रच सगळी उत्तरं द्यायला लागलंय, लोक वेबसाइटपर्यंत येतच नाहीत, त्यामुळे धंद्याला घरघर लागली आहे. तेव्हा मात्र कामाचा रेटा असायचा. सेतू सर म्हणजे सेतुमाधव राव, आमचे प्रमुख. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न न केलेले, कपाळावर गंधाची बारीक रेघ. त्यांची खुर्ची आम्ही डबे ठेवायला वापरायचो, कारण त्यांनी ती कधी वापरलीच नाही. सतत चालत. फोनवर बोलताना जिन्यात, विचार करताना गच्चीत. रविवारी मात्र गळ घेऊन मुट्टुकाडूच्या खाडीवर.

मासे धरणं आणि कीवर्ड निवडणं हे त्यांच्या लेखी एकच काम होतं. नव्या माणसाला ते हेच शिकवायचे. एकदा एक दातांचे डॉक्टर आले. त्यांना 'चेन्नईतला सर्वोत्तम दंतवैद्य' या शब्दांवर पहिला नंबर पाहिजे होता. सर त्यांच्याभोवती फिरत म्हणाले, "डॉक्टर, तुमची दाढ दुखली तर तुम्ही काय टाइप कराल? 'सर्वोत्तम दंतवैद्य'? नाहीं. 'दाढ ठणकते काय करूं' असें टाइप कराल. दुखतें तें टाइप होतें." मग माझ्याकडे वळून मराठीत, "मोठ्या समुद्रांत गळ टाकून काय उपयोग मा? तेथें जाळीं घेऊन मोठ्या बोटी उभ्या आहेत. आपण खाडी पाहावी. मासा कोठें जेवतो, कधीं जेवतो, काय जेवतो, तें पाहावें."

डॉक्टरांना ते पटलं आणि त्यांचं चांगलं झालं. दुसरं एक गिऱ्हाईक मात्र चिडून निघून गेलं. त्याला हजारो लोक पाहिजे होते. सर त्याला म्हणाले होते, "हजार लोक येऊन पाहून जातील. तुम्हांस पाहिजे तो एक माणूस येईल असें करूं." तो गेल्यावर मी म्हटलं, "सर, गिऱ्हाईक गेलं की हो." ते म्हणाले, "जाऊं दे. ज्याला एक मासा महत्त्वाचा वाटत नाहीं, त्याला गळ धरतां येत नाहीं." आणि जिना उतरून रस्त्यावर फेरी मारायला गेले.

एका रविवारी हट्ट करून मी आणि माझा नवरा त्यांच्याबरोबर मुट्टुकाडूला गेलो. मला वाटलं होतं, गळ टाकून माणूस शांत बसतो. कसलं शांत! खाडीवरच्या पुलाच्या या टोकाला गळ टाकायचा, पाण्याकडे टक लावायची, पाय हलवायचा, आणि "येथें नाहीं, चल" म्हणून पुढे. आम्ही मागे पिशव्या घेऊन वरात. ऊन असं, की डोक्यावर अंडं फोडलं तर ऑम्लेट झालं असतं. माझा नवरा तासाभरात शहाळ्याच्या गाडीखाली जाऊन बसला तो तिथून उठलाच नाही.

बाकीचे गळवाले कोळंबी लावत होते. सरांनी डब्यातून एक पिठाचा गोळा काढला. वासावरून मी चटकन ओळखलं. भाजलेल्या उडदाचं पीठ! आमच्या घरी याचं ताक घालून डांगर करतात. "सर, हे तर डांगराचं पीठ!" मी ओरडलेच. ते असे हरखले! "तुमच्याकडे पण करतात की? आमच्या घरीं डांगर पच्चडी. आईच्या डब्यांतून चोरून आणायचों. कोळंबीस हात लावणार कसा, आम्ही शाकाहारी! म्हणून हें. थोडा भात, थोडें हिंग, आणि डांगराचें पीठ." शेजारचा एक गळवाला हसून ओरडला, "सामी, सांबार पण ओता!" सर पण हसले. त्या दिवशी त्या पिठाला दोन बोय लागले. दोन्ही त्यांनी हळूच गळावरून सोडवले, पाण्यात सोडले आणि हात धुतले. माझा तर जीव तुटला. इतका ताजा बोय! म्हटलं, एक तरी मला द्या की हो.

ऑफिसात आमच्या कंपनीच्या कामाशिवाय सरांची स्वतःची एक छोटी वेबसाइट होती. चेन्नईच्या आसपास मासे कुठे धरावेत, अशी. सगळ्यांना वाटायचं, हौस आहे. मलाही तसंच वाटलं. पण एकदा त्यांनी मला तिथलं इंग्रजी तपासायला दिलं आणि मी चक्रावले. त्यातलं सगळ्यात मोठं पान होतं 'उडदाच्या पिठाचं आमिष' या विषयावर. कोण शोधणार हो असलं काही? आमचं कीवर्ड मोजणारं साधन उघडून मी बघितलं, तर तिथे ठणठणीत शून्य. सगळ्या जगात हा शब्द कोणी शोधत नव्हतं. आणि हेच सर आम्हाला शिकवणार, आधी मासा कुठे जेवतो ते पाहा म्हणून! शिवाय त्या सगळ्या वेबसाइटवर त्यांचं नाव नाही, फोटो नाही, फोन नाही. आमच्याच शिकवणीनुसार ही पहिली चूक.

मी तोंडाळ आहे, मला राहवत नाही. जाऊन विचारलं, "सर, हे पान कुणासाठी?"

ते चालता चालता थांबले. "एका माणसासाठीं," म्हणाले. मग चहाला जाऊ म्हणाले, आणि स्टेशनबाहेरच्या टपरीवर, ग्लास हातात घेऊन, दोन पावलं इकडे दोन पावलं तिकडे करत त्यांनी सांगितलं.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, गोपू. दोघं लहानपणापासून एकत्र मासे धरायचे. वडील कडक, त्यांना गळ धरणंसुद्धा पसंत नव्हतं. पण मासा परत सोडतात ना, मग असू दे, अशी आईनं मध्यस्थी केली होती. घरचा नियम एवढाच: धरा, सोडा, अंघोळ करून घरात या. एका रविवारी गोपूनं मासा सोडला नाही. खाडीजवळच्या कोवळमला एका मच्छीमार मित्राच्या घरी तो तळून खाल्ला, आणि संध्याकाळी जेवताना हसत हसत घरात सांगितलं. वडील पानावरून उठले. बोलाचाली झाली. ती मिटावी म्हणून मोठा भाऊ या नात्यानं सेतू सर मधे पडले आणि म्हणाले, या घरात राहायचं तर प्रायश्चित्त घे. गोपूनं एक पिशवी भरली आणि गेला.

"मासा खाल्ला म्हणून भाऊ गेला, असें सांगितलों तर लोक हसतील," सर म्हणाले. "हसूं दे. पण मासा निमित्त होता मा. बाबांपुढें माझा भाऊ माझ्याकडे पाहात होता, आणि मी बाबांच्या बाजूनें बोललों."

मला हसू आलं नाही. गोपू आधी एका वर्कशॉपमध्ये होता, मग मलेशियाला गेला असं मित्रांकडून कळलं. वडील गेले तेव्हा कळवायला पत्ता नव्हता. त्याआधी सरांनी मित्रांकरवी दोनदा निरोप पाठवला होता. दोन्ही वेळा गोपूनं फोन नंबर बदलला. "दोनदां ओढलों, दोनदां दोरी तुटली," ते म्हणाले. "आतां ओढायचें नाहीं. गोपू काय करील? खाडी जेथें असेल तेथें जाईल. गळ टाकील. कोळंबी लावील कीं नाहीं ठाऊक नाहीं. पण एक दिवस त्यास डांगराची आठवण येईल, आणि दुसरा कोणी हें लावतो की, असें तो शोधून पाहील. सगळ्या जगांत हें टाइप करणारा एकच माणूस आहे. माझा भाऊ."

मी चहा प्यायचीच विसरले. असली कीवर्डची निवड मी जन्मात ऐकली नव्हती. आम्ही लोकांना चपला आणि विमा विकायला शब्द शोधत होतो, आणि हा माणूस सगळ्या जगाच्या पाण्यात एका भावासाठी गळ टाकून बसला होता. बसला तरी कुठे, फिरत होता बिचारा.

सरांना घाई होती ती आईमुळे. त्यांच्या पश्चिम मांबलमच्या घरी मी पुढे बऱ्याचदा गेले. सरांच्या आईला, म्हणजे आजींना, बोलायला मराठी बाई मिळाली याचं कोण अप्रूप! सातारा म्हटल्यावर पहिला प्रश्न, "तेथें छत्रपती कसे आहेत?" जणू काही शेजारच्या वाड्यात राहतात! मी म्हणायची, मजेत आहेत. मग दुसरा प्रश्न: "गोपू आला की?" तो प्रश्न त्या प्रत्येक आल्यागेल्याला विचारायच्या. दूधवाल्याला, वॉचमनला, मला. हळूहळू त्यांची विस्मरणाची तक्रार वाढायला लागली. आधी भाजीची नावं गेली, मग शेजाऱ्यांची. मला त्या आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ते जपा, गेलेलं परत येणार नाही. सर औषधं द्यायचे, भरवायचे, आणि तिसऱ्या खोलीपासून पहिल्या खोलीपर्यंत चालत राहायचे.

"गोपू येईल," ते मला जिन्यात म्हणाले, "पण आई ओळखली नाहीं तर येऊन काय करील? वेळ थोडा आहे मा."

आणि मग एके दिवशी मासा आला. सोमवारी सकाळी मी ऑफिसात पोचते तर सर माझ्याच टेबलापाशी. त्या पानावर मलेशियातल्या पिनांगहून कोणीतरी आलं होतं. 'उडीद पीठ मासे आमिष' असंच टाइप करून! आणि बराच वेळ थांबून सगळं वाचलं होतं. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारीही. पाहुणा तोच, गाव तेच. सरांना काय झालं सांगू! दर पाच मिनिटांनी पाहुण्यांची मोजदाद करणारं अ‍ॅनालिटिक्स उघडायचं, बंद करायचं, पुन्हा उघडायचं. गिऱ्हाइकाच्या मीटिंगमध्ये मधेच उठून जायचं. मलाही लागण झाली. भाजी चिरताना हातातली सुरी ठेवून मी फोनवर ते पान बघायची. नवरा म्हणाला, "सरांचा भाऊ आहे की तुझा?"

मला वाटलं, आता सर लिहितील काहीतरी. कुठलं! त्यांनी आमिष बदलायला सुरुवात केली. पुलाच्या ज्या खांबापाशी दोघं उभे राहायचे त्याबद्दल एक लेख. हिंग किती घालावं याबद्दल एक लेख. लहानपणी ज्या दुकानातून गळ आणायचे त्याबद्दल एक. पिनांगचा पाहुणा प्रत्येक लेख वाचायचा आणि एक शब्द न लिहिता जायचा. सर आणखी एक लेख टाकायचे. आठवड्यामागून आठवडे हा खेळ. तिकडे आजी एक दिवस भिंतीवरच्या गोपूच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मुलगा कोणाचा?" दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळखलं, पण तो एक दिवस सरांच्या चेहऱ्यावरून काही केल्या जाईना.

माझ्यानं राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी त्यांना गाठलं.

"सर, स्पष्ट बोलू? हे पुरे झालं."

"काय पुरे?"

"हे हिंग आणि खांब. तो मासा नाहीये हो, तुमचा भाऊ आहे! माशाला आमिष दाखवतात. भावाला हाक मारतात."

"तुज कळत नाहीं," ते फेऱ्या मारायला लागले. "गळ दिसला कीं मासा पळतो. दोनदां पळाला आहे."

"तेव्हा तुम्ही मित्राच्या तोंडून निरोप पाठवला होता. स्वतः कुठे बोललात? आताही बघा, एवढी वेबसाइट केलीत, त्यात तुमचं नाव कुठेच नाही. लपून बसलाय तुम्ही. त्यानं का बोलावं?"

"आणि पळाला तर?"

"पळाला तर पळाला! पण आजींच्या हातात किती दिवस आहेत ते तुम्हीच मला सांगितलंत ना?"

इतकं बोलल्यावर मीच घाबरले. साहेबाला कुणी असं बोलतं का? ते चालत चालत बाहेर गेले. मला वाटलं, गेली नोकरी.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. स्क्रीनवर तेच पान होतं. सगळ्यात वर, इंग्रजी मथळ्याच्या जागी, तमिळ अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ही मंडळी मराठी बोलतात पण बहुतेकांना देवनागरी येत नाही, घरातलं मराठी तमिळ लिपीत लिहितात. मला अक्षरं लागेनात, तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं. "गोपू, मी सेतू. मी चुकलों. आई तुज विचारते, आणि आई विसरते आहे. मासा खा, पण घरीं ये." खाली स्वतःचा फोन नंबर.

"काय म्हणतेस? कीवर्ड नाहीं यांत एक पण," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, टाका." त्यांनी बटण दाबलं आणि लगेच उठून खिडकीशी गेले.

त्या रविवारी पिनांगचा पाहुणा आला. पान उघडलं आणि मिटलं. एरवी वाचायला लागायचा तितका वेळसुद्धा थांबला नाही. त्यानंतर तो आलाच नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुढचा रविवारही गेला. फोन नाही. पानावर कुणी नाही, आम्ही दोघंच सारखं उघडून बघत होतो. सर माझ्याशी बोलायचे बंद झाले. कामाचं बोलायचे, पण नजर चुकवून. शेवटी एकदा जिन्यात म्हणालेच, "मी सांगितलों होतों. गळ दिसला, पळाला." त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. मला रात्रभर तळमळ. आपल्याला कुणी शहाणपणा सांगायला बोलावलं होतं का? एवढी वर्षं जपून धरलेली दोरी मी एका दुपारी तोडायला लावली. नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला, "तुझं तोंड आहे ना, त्याला एक दार बसवून घे."

मग एका सकाळी सर ऑफिसात आलेच नाहीत. हे कधी झालं नव्हतं. आजींचं काही... तेवढ्यात त्यांचा फोन. "वृषाली मा, घरीं ये. आतांच." आणि बंद. तांबरमहून मांबलमपर्यंतच्या त्या गाडीत मी एकदाही बसले नाही. जागा होती तरी दारापाशी उभी राहिले, आणि स्टेशनं मोजत राहिले.

दार उघडं होतं. आत हॉलमध्ये, आजींच्या पलंगाजवळ जमिनीवर एक माणूस बसला होता. काळासावळा, रुंद खांद्यांचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. शेजारी विमानाचा टॅग लागलेली बॅग तशीच. सर दाराजवळ भिंतीला टेकून उभे. मला बघून ते नुसतं म्हणाले, "गोपू."

गोपूनं मान वळवून मला नमस्कार केला. मी काही बोलायच्या आत तो भावाकडे बघून म्हणाला, "ही सांगितली की तुज, नांव घाल म्हणून?" आणि मग माझ्याकडे, "ताई, मी पहिल्या दिवशीं ओळखलों. डांगर माशांस घालणारा जगांत दुसरा कोण? हा लिहीत होता, मी दर रविवारीं वाचत होतों. बघत होतों, हा गोपू म्हणून हाक मारतो की नाहीं. आणि हा बघा, हिंग लिहितो!"

"फोन कां केला नाहींस?" सर म्हणाले. "आम्ही येथें मेलों की."

"फोनवर काय बोलायचें? रजा मागितलों, तिकीट काढलों, आलों." एवढं सोपं होतं त्याचं. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी पाया पडावंसंही वाटलं.

आजी झोपल्या होत्या. अर्ध्या तासानं जाग्या झाल्या. सरांनी त्यांना उशी लावून बसतं केलं आणि मागे सरकले. गोपू पुढे होऊन बसला. आजी त्याच्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं संपलं, उशीर झाला. मग त्यांनी हात पुढे केला, त्याच्या दाढीवरून फिरवला आणि म्हणाल्या, "गोपू. वाळलास. जेवलास कीं नाहीं?"

तो पोरासारखा रडायला लागला. मीही. आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, बाबांची वाट बघ म्हणत होत्या, कुठल्या तरी शाळेचं विचारत होत्या, पण नाव बरोबर घेत होत्या. पुन्हा पुन्हा, गोपू, गोपू. मग त्यांची नजर वर गेली. दाराशी उभ्या असलेल्या सरांकडे बघून त्यांनी गोपूला विचारलं, "हे कोण रे? तुझ्याबरोबर आले की? फार भला माणूस. रोज मज औषध देतात."

गोपूनं झटकन वर पाहिलं. सर हात जोडून म्हणाले, "होय आई, गोपूबरोबर आलों."

"मग बसा की," आजी म्हणाल्या. "गोपू, यांस कॉफी दे."

"मी आणतों," म्हणून सर स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. ते गॅसवर दूध ठेवत होते. ज्यानं वर्षानुवर्षं भरवलं, पुसलं, उचललं, त्याला तिनं ओळखलं नव्हतं. मला आजींचा रागसुद्धा आला, खोटं कशाला बोलू. मी त्यांच्या पाठीला हात लावला आणि नुसतं "सर" म्हणाले.

ते वळले. डोळे वाहत होते आणि चेहरा असा उजळलेला, की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"ओळखली मा! पाहिलीस की? आई ओळखली त्यास. वेळेंत आला!"

"हो सर, ओळखलं. पण तुम्हाला..."

"मज काय?" ते म्हणाले, आणि कॉफीचे पेले पुसायला घेतले. "मी उद्यां पण येथेंच आहें."